अतींद्रिय शक्तीचे पहिले धडे : एक परीक्षण

दुसऱ्याच्या मनातील विचार ओळखणे, बंद पाकिटातील चित्र ते न उघडता सांगणे, दूरच्या माणसाची हालचाल घरबसल्या जाणणे, ही शक्ती काही थोड्यांनाच जन्मतः लाभते असे नसून कोणीही सामान्य मनुष्य रोजच्या थोड्या अभ्यासाने ती मिळवू शकतो, असे सांगणाऱ्या पुस्तकांचा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत निर्माण झाला आहे. या पुस्तकांची रचना बहुधा ठरलेली असते. प्रथम शरीर सैल सोडण्याचा पाठ, नंतर एकाच वस्तूवर चित्त स्थिर करण्याचा पाठ, मग मन रिकामे करण्याचा पाठ, आणि शेवटी पत्त्यांवर, चित्रांवर किंवा घरच्याच माणसांवर करावयाचे प्रयोग. ख्रिस्ती कुटुंबांतील तरुणांच्या हातीही ही पुस्तके पडतात आणि केव्हातरी पाळकासमोर प्रश्न येतो : ‘यात वाईट ते काय? मी तर नुसता स्वस्थ बसतो.’

या प्रश्नाला आपल्याकडे दोनच उत्तरे तयार असतात. एक, हे सैतानाचे काम आहे, ते पुस्तक जाळून टाक. दुसरे, हे सारे थोतांड आहे, वेळ फुकट घालवू नकोस. या दोन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. ती देणाऱ्याने पुस्तक वाचलेले नसते. प्रस्तुत लेखात ते वाचण्याचा प्रयत्न केला आहे. मात्र एखाद्या वाङ्मयप्रकाराची परीक्षा त्याच्या निकृष्ट नमुन्यांवरून करणे हा न्याय नव्हे. म्हणून या प्रकारातील बहुधा सर्वांत प्रामाणिक म्हणता येईल असे पुस्तक येथे निवडले आहे. ते म्हणजे अमेरिकन कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर यांचे १९३० साली प्रसिद्ध झालेले ‘मेंटल रेडिओ’.

ग्रंथ आणि ग्रंथकार

सिंक्लेअर हे नाव वाचकांना ‘द जंगल’ या १९०६ सालच्या कादंबरीमुळे परिचित असेल. शिकागोच्या कत्तलखान्यांत आणि मांसाच्या कारखान्यांत सात आठवडे स्वतः वावरून, मजुरांशी बोलून त्यांनी ती लिहिली आणि त्याच वर्षी अमेरिकेत अन्नशुद्धीचे व मांसतपासणीचे कायदे झाले. धर्मसंस्थांवर तर त्यांनी ‘द प्रॉफिट्स ऑफ रिलिजन’ या पुस्तकात कडाडून टीका केली होती. असा हा समाजवादी, चौकस, भोळेपणाचा शत्रू म्हणून ओळखला गेलेला लेखक, आपल्या पत्नीला न पाहिलेली चित्रे ओळखता येतात असे सांगणारे पुस्तक लिहितो, याचे त्यांच्या मित्रांनाही नवल वाटले आणि दुःखही झाले.

पुस्तकाचा विषय थोडक्यात असा. सिंक्लेअर यांची पत्नी मेरी क्रेग या प्रकृतीने नाजूक, आणि जीवनमृत्यूच्या प्रश्नांनी व्याकूळ झालेल्या होत्या. एका तरुण संमोहनकाराच्या परिचयातून त्यांनी स्वतःवर प्रयोग सुरू केले. १९२८ साली बहिणीच्या यजमानांनी सुमारे ४० मैलांवरील पासाडीना गावी ठरलेल्या वेळी एखादी वस्तू चितारावी आणि त्याच वेळी क्रेगबाईंनी लाँग बीच येथील आपल्या घरी पडून राहून काय दिसते ते लिहावे, अशी प्रारंभीची योजना होती. एके दिवशी तिकडे जेवणाचा काटा चितारला गेला आणि इकडे बाईंनीही काटाच लिहिला. पुढे सिंक्लेअर स्वतः शेजारच्या खोलीत चित्रे काढू लागले. त्यानंतर आधीच काढून ठेवलेल्या चित्रांच्या चळतीतील एकेक कागद न पाहता हाती घेऊन प्रयोग चालले. एकूण २९० चित्रांपैकी ६५ पूर्ण यशस्वी, १५५ अंशतः यशस्वी आणि ७० अयशस्वी, असा सिंक्लेअर यांनी हिशेब मांडला आहे.

या पुस्तकाला मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅक्डूगल यांनी प्रस्तावना लिहिली. जर्मन आवृत्तीला अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी छोटेसे प्रास्ताविक जोडले. सिंक्लेअर यांच्या सद्‍हेतूबद्दल त्यांनी विश्वास व्यक्त केला, मात्र दूरसंवेदन सिद्ध झाले असे म्हणण्याचे कटाक्षाने टाळले. आइन्स्टाइन यांचे नाव पुढे करून हे पुस्तक विकणाऱ्यांनी तेवढे शब्द नीट वाचले असते तर बरे झाले असते.

पाठ देणारे प्रकरण

आपल्या दृष्टीने पुस्तकातील महत्त्वाचा भाग म्हणजे क्रेगबाईंनी स्वतः लिहिलेले, शिकू इच्छिणाऱ्यांना मार्गदर्शन करणारे प्रकरण. पुढील काळातील प्राथमिक पाठांच्या कित्येक पुस्तकांत हीच पायऱ्यांची रचना, कळत वा नकळत, पुन्हा आलेली दिसते. पतीचे लेखन वकिली थाटाचे आहे. ते पुरावे मांडतात, आक्षेपकांना उत्तरे देतात, वाचकाला खिंडीत गाठू पाहतात. पत्नीचे लेखन त्याच्या अगदी उलट, सावध आणि संथ आहे. साहित्यगुणांच्या दृष्टीने पाहिले तर सबंध पुस्तकात हेच प्रकरण सरस ठरते.

त्यांचा पहिला पाठ एकाग्रतेचा आहे. गुलाबासारखी एखादी वस्तू घ्यावी आणि तिच्याविषयी विचार न करता, आठवणी न काढता, नुसते अवधान तिच्यावर ठेवावे. दुसरा पाठ शरीर पूर्णपणे सैल सोडण्याचा, परंतु झोपी न जाण्याचा. बाई नमूद करतात की या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत आणि त्या एकत्र साधण्यातच सारी कठिणता आहे. तिसऱ्या पाठात मन कोरे करून आपल्या अंतर्मनाला स्पष्ट आज्ञा द्यावयाची : या कागदावर काय आहे ते मला दाखव. मग चित्राचा कागद न पाहता पोटाच्या वरच्या भागावर ठेवून वाट पाहावयाची. प्रथम आकारांचे तुकडे येतात. ते लगेच खरे मानावयाचे नाहीत. पुन्हा मन कोरे करावे, पुन्हा आज्ञा द्यावी, आणि तोच आकार परत आला तर चित्र पाहण्यापूर्वी तो कागदावर नोंदवावा. आठवण कोणती, तर्क कोणता आणि खरे दर्शन कोणते हे ओळखण्यावर त्यांचा फार भर आहे.

हे वाचताना मनात आदर उत्पन्न होतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. येथे फसवणुकीचा वास नाही, मंत्रतंत्राचा बडेजाव नाही, पैशाची मागणी नाही. आपल्या मनात उठणारे सारे विचार आपलेच असतात काय, हा एका व्यथित स्त्रीचा खरा प्रश्न या पानांमागे आहे. अशा लेखनाला ‘सैतानी’ म्हणून बाजूला सारणारा पाळक त्या प्रश्नालाच बाजूला सारतो.

हिशेबातील दोष

तथापि आदर वाटला म्हणून परीक्षा टळत नाही. ६५, १५५ आणि ७० हे आकडे पुन्हा पाहावेत. पुस्तकाचा खरा डोलारा उभा आहे तो मधल्या आकड्यावर. सिंक्लेअर यांनी धगधगता ज्वालामुखी काढला आणि बाईंनी काळा भुंगा काढला. चित्र उलटे धरले असता दोन्हींच्या रेषांत साम्य दिसते, म्हणून हेही यशाकडे जमा. ‘अंशतः यश’ या रकान्याला अशा रीतीने कोठेच सीमा उरत नाही. कारण जगातील कोणतीही दोन चित्रे कोणत्या ना कोणत्या अंशी एकमेकांसारखी असतातच.

दुसरा दोष त्याहून सूक्ष्म आहे. १९१३ पासून एकत्र संसार केलेल्या पतीपत्नींपैकी एकाने काय चितारावे याचा अंदाज दुसऱ्याला असणे यात अद्‍भुत काही नाही. मार्टिन गार्डनर यांनी १९५० च्या दशकात या पुस्तकाची चिकित्सा करताना नेमके यावर बोट ठेवले होते. याच्या उलट बाजूलाही वजनदार नाव आहे. बोस्टनचे वॉल्टर फ्रँकलिन प्रिन्स यांनी १९३२ साली हीच सामग्री तपासून बरेचसे अनुकूल मत दिले होते. परंतु जेथे प्रयोग घरातच झाला आणि चित्र काढणारा, गुण देणारा व ग्रंथ लिहिणारा एकच, तेथे मागाहून कितीही काटेकोर गणित केले तरी ती उणीव भरून निघत नाही. शिकागोच्या कारखान्यांत स्वतः जाऊन पाहिल्याखेरीज एकही आरोप न करणाऱ्या लेखकाने आपल्या घरात मात्र तपासनीस आणि साक्षीदार एकच राहू दिले, ही या पुस्तकातील खरी शोकांतिका आहे.

पुढील इतिहासही हेच दाखवितो. ड्यूक विद्यापीठात जे. बी. र्‍हाइन यांनी पाच चिन्हांच्या २५ पत्त्यांचा संच वापरून, केवळ योगायोगाने सरासरी ५ उत्तरे बरोबर यावीत तेथे अधिक येतात, असे १९३४ साली जाहीर केले. लवकरच तसे पत्ते सर्वसामान्यांसाठी विक्रीस आले आणि घरोघरी ‘अभ्यास’ सुरू झाला. त्यांतील काही पत्त्यांची चिन्हे विशिष्ट प्रकाशात पाठीमागूनही दिसू शकतात, असेही आढळून आले. १९३७-३८ साली झेनिथ कंपनीने अमेरिकेत रेडिओवरून श्रोत्यांची अशीच परीक्षा घेतली. दहा लाखांहून अधिक उत्तरे जमली आणि काही आठवड्यांचे निकाल थक्क करणारे दिसले. मग लुई गुडफेलो यांनी १९३८ साली दाखवून दिले की माणसे अंदाज करताना ठराविक क्रमच पुन्हा पुन्हा निवडतात. पाठविलेला क्रम त्या सवयीशी जुळला की ‘यश’ मिळे, न जुळला की नाहीसे होई. श्रोत्यांनी दुसऱ्याचे मन वाचले नव्हते. उत्तरांत उमटली होती ती त्यांच्याच मनाची चाकोरी.

ही शक्ती शिकविता येते, या मूळ दाव्याची सर्वांत सरळ परीक्षा चार्ल्स टार्ट यांनी कॅलिफोर्नियात घेतली. प्रत्येक अंदाजानंतर विद्यार्थ्याला तत्क्षणी बरोबर-चूक कळले तर तो हळूहळू शिकेल, ही त्यांची कल्पना शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने सयुक्तिक होती. १९७६ साली त्यांनी आशादायक निकाल प्रसिद्ध केले. परंतु यंत्राने दिलेले आकडे पुरेसे यादृच्छिक नव्हते, असे टीकाकारांनी दाखविले आणि १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील प्रयोगांत ते यश पुन्हा दिसले नाही. अमेरिकन शासनाने १९७२ पासून दूरदर्शनशक्तीच्या प्रशिक्षणावर व वापरावर सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. १९९५ साली दोन तज्ज्ञांकडून समीक्षा झाली. जेसिका अट्स यांना त्यात संख्याशास्त्रीय दृष्ट्या काही तथ्य वाटले, रे हायमन यांना ते पटले नाही. परंतु त्यातून हेरखात्याच्या प्रत्यक्ष उपयोगाची माहिती कधीच हाती आली नाही, असा निष्कर्ष निघून तो उपक्रम बंद झाला.

केवळ पर्दाफाश पुरेसा नाही

‘थोतांड आहे’ म्हणणाऱ्या वाचकाला येथवरचे विवेचन आवडले असेल. परंतु आपल्याच इतिहासातील एक प्रसंग त्याने आठवावा. १८८४ च्या सप्टेंबरात मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेज मॅगझीनने मादाम ब्लाव्हात्स्की यांची म्हणून काही पत्रे छापली आणि अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीतील चमत्कार बनावट असल्याचा आरोप केला. १८८५ साली रिचर्ड हॉजसन यांच्या अहवालाने तो उचलून धरला. (त्या अहवालाच्या पद्धतीवर १९८६ साली व्हर्नन हॅरिसन यांनी गंभीर आक्षेप घेतले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.) सुशिक्षित हिंदुस्थान आता त्या सोसायटीकडे पाठ फिरवील, अशी मिशनरी मंडळींची अपेक्षा होती. तसे घडले नाही. पुढे ॲनी बेझंट आल्या आणि सोसायटीचा प्रभाव वाढतच गेला. याची कारणे अनेक असतील, परंतु एक स्पष्ट आहे. लोक तेथे चमत्कारांसाठीच जात नव्हते. आपल्या परंपरेचा आदर, अंतर्मुखता, मौन आणि साधना यांची भूक घेऊन ते जात होते. चमत्कार खोटे ठरल्याने भूक खोटी ठरत नाही.

आज गुलाबावर अवधान ठेवून बसणारा तरुण हीच भूक घेऊन बसलेला असतो. आपल्या मंडळीने त्याला गीते शिकविली, पाठांतर शिकविले, भाषण करण्यास शिकविले. वीस मिनिटे गप्प बसण्यास त्याला कोणी शिकविले? बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर देताना आपल्याला खाली पाहावे लागेल.

तोच अभ्यास, निराळी दिशा

तेव्हा दोष मौनात नाही. दोष कोठे आहे हे पाहण्यासाठी क्रेगबाईंच्या तीन पायऱ्या इतर परंपरांशेजारी ठेवून पाहणे उपयुक्त होईल.

मन कोरे करण्याचा अभ्यास आपल्या भूमीला नवा नाही. सुरतच्या काँग्रेसनंतर, १९०८ च्या जानेवारीत, अरविंद घोष यांना वडोदऱ्यात विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याने विचारांकडे तटस्थपणे पाहण्याचा आणि बाहेरून येणारा विचार आत शिरू न देण्याचा उपाय सांगितला आणि तीन दिवसांत त्यांचे मन नीरव झाले, असे अरविंदांनी स्वतः नमूद केले आहे. त्या नीरवतेला त्यांनी कोणाच्याही पाकिटातील चित्र विचारले नाही. पतंजलींनी तर योगसूत्रांच्या विभूतिपादात परचित्तज्ञानासह अनेक सिद्धी सांगितल्या आणि त्याच पादात, समाधीच्या मार्गात त्या विघ्ने आहेत, असेही बजावले. क्रेगबाईंच्या आणि तत्सम पुस्तकांत नेमका हा इशारा गळून पडतो. वाटेतील अडथळ्यालाच मुक्काम म्हटले जाते.

ख्रिस्ती परंपरेतही ‘अभ्यास’ याच नावाने ओळखला जाणारा एक ग्रंथ आहे. संत इग्नेशियस लोयोला यांचे ‘आध्यात्मिक अभ्यास’ १५४८ साली रोम येथे छापले गेले. परंतु त्यापूर्वीच त्या शिस्तीतून गेलेले फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यास उतरले होते. त्या ग्रंथातही एकांत आहे, कल्पनाशक्तीने चित्र उभे करणे आहे, शरीराच्या स्थितीविषयी सूचना आहेत, आणि अंतःकरणातील प्रेरणा कोठून आली हे पारखण्याचे सविस्तर नियम आहेत. बाह्यतः पाहता क्रेगबाईंच्या पाठांशी पुष्कळच साम्य आहे. फरक तीन ठिकाणी आहे. पहिला, साधक एकटा नसतो, वाट दाखविणारा दुसरा मनुष्य सोबत असतो. दुसरा, पारख उत्तर बरोबर आले की नाही याची नसते. त्या प्रेरणेने मनुष्य प्रीती, शांती आणि सेवा यांच्याकडे वळला की स्वतःभोवतीच गुरफटला, याची असते. तिसरा आणि मुख्य, शेवटची पायरी आज्ञेची नसून अर्पणाची असते. ‘मला दाखव’ याऐवजी ‘मला घे’ असे तेथे म्हटले जाते. कार्मेलचे संत योहान यांनी तर याहून पुढे जाऊन, खरी असतील तरीही दर्शने आणि वाणी यांची इच्छा धरू नये, असे साधकांना परोपरीने विनविले.

आपल्या मराठी संतपरंपरेतील एक कथा या बाबतीत फार मार्मिक आहे. चांगदेव हे महासिद्ध, योगबलाने शेकडो वर्षे जगलेले आणि वाघावर बसून फिरणारे. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून त्यांनी पत्र लिहावयास घेतले, परंतु मायना काय लिहावा हेच त्यांना सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? अखेर त्यांनी कोराच कागद धाडला. ज्याला सर्व काही वश झाले होते, त्याला दुसऱ्या माणसाला हाक कशी मारावी हे ठाऊक नव्हते. ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाचा उपहास केला नाही. पासष्ट ओव्यांचे प्रेमळ उत्तर पाठविले.

प्राथमिक पाठांच्या पुस्तकांचा गाभ्यातील दोष हाच आहे, असे मला वाटते. ती दुसऱ्या माणसाला हाक मारण्याऐवजी त्याला लक्ष्य करावयास शिकवितात. ‘मेंटल रेडिओ’ हे शीर्षकच पाहा. ज्या काळी घराघरांत नवा रेडिओ येत होता, त्या काळातील हे रूपक आहे. परंतु रेडिओवर तेच ऐकू येते जे कोणीतरी स्वेच्छेने प्रक्षेपित केले आहे. सिंक्लेअर यांच्या पुस्तकात मात्र प्रयोग पुढे सरकतात तशी ही संमती विरळ होत जाते. प्रथम बहिणीचे यजमान जाणूनबुजून चित्र पाठवितात. मग कोणीही पाठवीत नसलेली चित्रे वाचली जातात. त्या संमोहनकाराच्या दूरवरील हालचाली जाणण्याचाही यत्न होतो. अलीकडच्या पुस्तकांत तर शेजाऱ्याची मनःस्थिती, सहकाऱ्याचा हेतू, जोडीदाराचे गुपित हेच ‘सरावाचे विषय’ म्हणून सुचविलेले असतात. ही शक्ती प्रत्यक्षात मिळत नाही, असे पुराव्यांवरून दिसते. परंतु तिची इच्छा धरण्याची सवय मात्र खात्रीने लागते. जे दुसऱ्याने विश्वासाने सांगावे आणि आपण ऐकावे, ते न विचारता काढून घेण्याची ही सवय आहे.

पवित्र शास्त्रातील वचने या प्रकाशात वाचली असता ती नुसते निषेध राहत नाहीत. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात शकुन पाहणारे व भूतविद्या जाणणारे वर्ज्य केले आहेत. परंतु त्यालाच लागून, देव आपले वचन सांगणारा संदेष्टा उभा करील, हे आश्वासन आहे. म्हणजे काढून घेणे आणि सांगितलेले ऐकणे यांतील भेद तेथे आहे. शौल राजा एन-दोर येथे गेला तो देव बोलत नाही ही शांतता त्याला असह्य झाली म्हणून. शोमरोनातील शिमोनाचा अपराध अविश्वासाचा नव्हता. त्याचा पवित्र आत्म्याच्या सामर्थ्यावर पूर्ण विश्वास होता, आणि म्हणूनच ते विकत घेता येईल असे त्याला वाटले. फिलिप्पै येथील दासीच्या गोष्टीत तर तिच्या शक्तीवर कमाई करणारे धनीच खरे गुन्हेगार ठरतात.

आपल्या घरातील प्रश्न

हा लेख येथे थांबला तर वाचक समाधानाने पान उलटेल, कारण दोष परक्याच्या घरातला आहे. परंतु जगातील काही ख्रिस्ती मंडळ्यांतही संदेश देण्याचे वर्ग चालतात, आणि तेथील प्रारंभीचा अभ्यास बहुधा असा असतो : दोघांनी समोरासमोर बसावे, डोळे मिटावे, मनात प्रथम येणारे चित्र वा शब्द दुसऱ्याला सांगावा. क्रेगबाईंच्या पाठाहून यात फार वेगळे काय आहे? उलट क्रेगबाई अधिक सावध आहेत. पहिले चित्र खरे मानू नये, असे त्या सांगतात, आणि चुकलेली ७० चित्रेही त्या पतीपत्नींनी मोजली आहेत. ‘प्रभूने मला तुझ्याविषयी दाखविले’ असे म्हणणाऱ्यांपैकी किती जण आपल्या चुकलेल्या संदेशांची नोंद ठेवतात?

हा शब्दच्छल नव्हे. एखाद्या आजारी भगिनीला ‘तू बरी झालीस असे मला दिसले’ असे सांगितले गेले आणि तिने औषध सोडले, किंवा एखाद्या कुटुंबात कोणाचे ‘गुप्त पाप’ प्रकट केले गेले आणि घर मोडले, तर त्या वेळी ‘अंशतः यश’ हा रकाना कोणाच्या उपयोगी पडणार? पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना संदेश देण्यास मनाई केली नाही. परंतु दोघांतिघांनीच बोलावे आणि इतरांनी पारख करावी, अशी मर्यादा घातली. शिवाय या चर्चेच्या मधोमध त्याने प्रीतीचा तो सुप्रसिद्ध अध्याय ठेवला, आणि तेथे त्याने सर्व रहस्ये जाणण्याची शक्तीही प्रीतीवाचून शून्य ठरविली. हे स्थान योगायोगाचे नाही.

मग त्या तरुणाला पाळकाने काय सांगावे? पुस्तक जाळण्यास सांगू नये. त्याच्यासह ते वाचावे आणि हिशेबातील दोष त्याच्याच डोळ्यांनी त्याला दिसू द्यावेत. गुलाबासमोर स्वस्थ बसण्याचा त्याचा अभ्यास मोडू नये. तो मंडळीनेच त्याला द्यावयास हवा होता. फक्त शेवटची आज्ञा बदलावी. त्या शांततेत कोणाचे मन वाचण्याचा यत्न न करता एका माणसाचे नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करावी, आणि मग उठून त्याच्या घरी जाऊन विचारावे, ‘तुझे कसे चालले आहे?’ फ्रेंच विचारवंत सिमोन वेल यांनी १९४२ च्या सुमारास लिहिलेल्या एका निबंधात अवधान हेच प्रार्थनेचे सार मानले आणि शेजाऱ्यावरील प्रीतीचे मूळही त्यातच शोधले. पीडिताला ‘तुला काय होत आहे’ असे विचारता येणे, यातच ती प्रीती पूर्णत्वास जाते असे त्यांना वाटले.

क्रेगबाईंचे प्रकरण आजही वाचावे, असे म्हणावेसे वाटते. मन शांत करण्याचे इतके स्वच्छ वर्णन पुष्कळ भक्तिपर पुस्तकांतही सापडत नाही. ते वाचून आपल्या अध्यापकांनी आणि पाळकांनी स्वतःला विचारावे की, असे साधे, पायरीपायरीने नेणारे मौनाचे पाठ आपण मराठीत कोणासाठी लिहून ठेवले आहेत? तसे पाठ तयार होईतो आपल्या तरुणांच्या हाती दुसऱ्यांची पुस्तके राहणार, आणि त्याचा दोष त्या पुस्तकांना देता येणार नाही.